विश्लेषण : रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची, तर सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलावे?

चाकणच्या कारखान्यातून २००९च्या अखेरीस फोक्सवॅगन पोलो बाहेर पडू लागली आणि २०२२मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी तिची जीटी टीएसआय आवृत्ती शौकीन मंडळी अजून शोधत असतात. त्याचे कारण साधे आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या रांगेत उभी राहणारी, रविवारी आईवडिलांना घेऊन गावी जाणारी आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर पळणारी गाडी एकच असावी, असे वाटणाऱ्यांना परवडेल असे पर्याय आपल्याकडे फार नाहीत.

अशी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सस्पेन्शन कोणते टाकू? आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलेच मिळते : लोअरिंग स्प्रिंग टाक, नाहीतर सरळ कॉइलओव्हर घे. गाडी चार सेंटिमीटर खाली बसते, चाकांच्या कमानीतली पोकळी भरते, फोटो छान येतात. माझे मत मात्र स्पष्ट आहे. रोज वापरायच्या गाडीत पैसा आधी शॉकअपवर खर्च व्हायला हवा, स्प्रिंगवर नाही. उंची हा तर शेवटचा विषय. असे का, ते समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

ट्रॅकवर नेमके किती किलोमीटर?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरायचे, हेल्मेट घालायचे आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये बंद ट्रॅकवर आपली गाडी चालवायची. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी नेहमीचे ठिकाण म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट. एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून छोटा, सुमारे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे, २०११ ते २०१३ या काळात तिथे फॉर्म्युला वन झाली होती.

चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दिवसभरात वीस मिनिटांची चार सत्रे मिळाली, तर पोलोसारखी गाडी जेमतेम सव्वाशे किलोमीटर पळेल. वर्षातून असे दोन दिवस धरले तर अडीचशे किलोमीटर. वर्षाचे एकूण रनिंग पंधरा हजार असेल, तर हे दोन टक्केही होत नाहीत. शिवाय पुण्याहून तिथे पोहोचायला अकराशेहून अधिक किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. मजा म्हणजे रस्ताही एकच : पुण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बंगळूरु करत थेट इरुंगट्टुकोट्टईच्या दारावरून जातो. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

बाकीच्यांनी हे दोन टक्के म्हणून हलक्यात मात्र घेऊ नयेत. वर्षातला सगळ्यात जास्त वेग आणि सगळ्यात जोराचे ब्रेक याच अडीचशे किलोमीटरमध्ये असतात. म्हणजे सस्पेन्शनला दोन्ही कामे करावी लागणार. प्रश्न एवढाच की कोणता भाग दोन्ही कामे करू शकतो.

स्प्रिंगला खड्डा आणि वळण यांतला फरक कळत नाही

स्प्रिंग किती दबली, तेवढा जोर ती परत देते. ती सावकाश दबली की झटक्यात, याच्याशी तिला देणेघेणे नाही. वळणावर गाडी कमी कलावी म्हणून स्प्रिंग कडक केली, की ती कात्रजच्या खड्ड्यालाही तितकीच कडक असते.

शॉकअपचे तसे नसते. त्याच्या आत तेल बारीक छिद्रांमधून आणि पातळ पत्र्यांच्या झडपांमधून ढकलले जाते आणि त्याचा विरोध दांडा किती वेगाने हलतो यावर ठरतो. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाते, तेव्हा दांडा सावकाश हलतो, सेकंदाला काही सेंटिमीटर एवढाच. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा हाच वेग सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जास्त होतो. शॉकअपच्या जाहिरातीत ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे शब्द येतात, ते या दांड्याच्या वेगाबद्दल असतात, गाडीच्या नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दुकानदारही ‘हाय स्पीड म्हणजे एक्स्प्रेस-वेसाठी’ असे बिनदिक्कत सांगतात.

झडपा चांगल्या असतील तर शॉकअप कमी वेगाला घट्ट राहतो, म्हणजे वळणावर गाडी ताब्यात राहते. आणि जास्त वेगाला मोकळा होतो, म्हणजे खड्डा कमरेपर्यंत पोहोचत नाही. ट्रॅकची गरज आणि आपल्या रस्त्याची गरज या दोन वेगवेगळ्या वेगांवर येतात, म्हणूनच एकाच शॉकअपमध्ये दोन्ही साधता येतात. स्प्रिंगमध्ये ही सोय मुळातच नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. शॉकअप गाडीची हालचाल उष्णतेत बदलतो. ट्रॅकवर वीस मिनिटे सलग काम झाले की साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलात फेस होतो आणि शेवटच्या फेऱ्यांना गाडी बोटीसारखी डोलू लागते. एकेरी नळीच्या, दाबाखाली नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये हे बरेच कमी होते. बिल्स्टाइनच्या बी-६ मालिकेचे उदाहरण घ्या : मूळ उंचीच्या गाडीसाठी, मूळ स्प्रिंगवरच बसणारे शॉकअप. त्याच कंपनीची बी-८ मालिका आखूड दांड्याची आणि खाली केलेल्या गाड्यांसाठी असते. खरेदी करताना या दोन्हींची गल्लत होते आणि मग मूळ उंचीच्या गाडीला आखूड शॉकअप लागतात. चाक खाली जायला जागाच उरत नाही.

नुसती स्प्रिंग बदलली तर काय होते?

समजा स्प्रिंग ५० टक्के कडक केली आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले. त्या वजनाला आणि त्या स्प्रिंगला जेवढा आवर हवा, त्या मानाने शॉकअपचा आवर साधारण १८ टक्के कमी पडतो. शॉकअप साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेले असतील तर आणखी. मग उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी दोन-तीनदा उसळते. लोक म्हणतात, ‘कडक झाली म्हणून उसळते’. खरे कारण उलटे आहे : कडक झाली, पण आवरायला कोणी नाही.

खाली केल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि पकड वाढते, हा युक्तिवाद खरा आहे, पण किती खरा? ११०० किलोची गाडी, चाकांमधले अंतर १.४५ मीटर, गुरुत्वमध्य ५३ सेंटिमीटरवर असे धरू. जोराच्या वळणावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ दशांश इतक्या जोराला, आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३६२ किलो भार सरकतो. गाडी ३ सेंटिमीटर खाली केली तर तो ३४१ किलो होतो. फरक सहा टक्क्यांच्या आत. फायदा आहे, नाही असे नाही. पण टायरमधली हवा चुकीची असेल तर त्यापुढे तो दिसणारही नाही.

त्यात पोलो, स्विफ्ट, आय-२० अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी फार खाली केली की लोअर आर्म आडवा राहत नाही, बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू अशा वेळी गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे कलायला तरफ लांब मिळते. कमी कलावी म्हणून खाली केलेली गाडी त्या स्प्रिंगच्या मानाने जास्त कलू पाहते आणि ते लपवायला आणखी कडक स्प्रिंग घ्यावी लागते. कॉलेजात बाहाची गाडी बांधलेल्या कुणालाही विचारा. लोअर आर्मच्या कोनावरून आमच्याकडे रात्री-रात्री भांडणे व्हायची.

धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. दांड्यावर शेवटी एक फोमचा ठोकळा असतो, त्याला बम्प स्टॉप म्हणतात. खाली केलेल्या गाडीत तिथपर्यंतचे अंतर आधीच कमी झालेले असते. वळणाच्या ऐन मध्यावर चाक त्या ठोकळ्याला टेकले की तो कोपरा एकदम कडक होतो आणि त्या टायरची पकड तुटते. पुढे झाले तर गाडी सरळ जाते, मागे झाले तर शेपूट बाहेर येते. ताशी १२० किलोमीटरला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

गतिरोधकाचे काय?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची वक्रता १७ मीटर त्रिज्येची. पोलोच्या दोन्ही चाकांमधले अंतर सुमारे २.४७ मीटर. गणित केले तर अशा गतिरोधकावर गाडीच्या पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. खाली केलेली गाडीही आरामात जाईल.

पण सोसायटीच्या गेटवर आणि गावाच्या वेशीवर असतो तो दीड-दोन फूट रुंदीचा डांबरी ढीग. तो सगळाच्या सगळा पोटाखाली येतो. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटर. त्यातून ४० गेले, उरले १२५. चार माणसे आणि सामान भरले की गाडी आणखी ३० ते ३५ मिलिमीटर बसते. उरले नव्वद. ढीग शंभरचा. चेंबर फुटण्याचा हिशेब इतका सोपा आहे.

मग कॉइलओव्हर वाईट का?

मुळीच नाही. केडब्ल्यू किंवा बिल्स्टाइनसारख्यांचा चांगला संच असेल, कुणीतरी त्या गाडीवर तपासून झडपा आणि स्प्रिंगची जोडी जमवलेली असेल, तर त्याला तोड नाही. तो लाखाच्या घरात जातो, आणि ज्याला परवडतो त्याने उंची मूळच्या जवळ ठेवून जरूर वापरावा. माझा आक्षेप निम्म्या किमतीत ‘३२ क्लिक अॅडजस्टमेंट’ देणाऱ्या संचांना आहे. अशा संचांत एकच नॉब दबण्याचा आणि उसळण्याचा विरोध एकत्रच बदलतो, आणि बऱ्याच क्लिकमध्ये फरकच पडत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळा आहे. दोन पावसाळे कोकणात काढलेल्या स्वस्त संचाच्या आट्यांमध्ये गंज आणि चिखल असा बसतो की उंची बदलायची सोय नावालाच उरते.

माझ्या हिशेबात आधी लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट आणि मागच्या बीमचे बुश बघून घ्यावेत. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या रबरावर महागडे शॉकअप लावण्यात अर्थ नाही. मग चांगले टायर आणि ब्रेक ऑइल. नवीन डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ट्रॅकवर तेवढी उष्णता सहज होते आणि पॅडल थेट तळाला जाते. त्यानंतर शॉकअप. त्यानंतरही पुढची गाडी वळणावर बाहेर ढकलली जात असेल, तर मागे किंचित कडक अँटी-रोल बार आणि पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर. दीड अंश पुरतो. त्यापुढे रोजच्या वापरात टायरची आतली कड झिजू लागते.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ उंचीवर, मूळ जागी बसणारे शॉकअप आणि जमिनीला टेकणारी गाडी, या दोहोंकडे तपासणी करणारा अधिकारी सारख्या नजरेने बघणार नाही, हे उघड आहे.

विम्याचे जास्त गंभीर आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला संरक्षण नसते. ट्रॅक डे शर्यत नसली तरी दाव्याच्या वेळी हा वाद तुमच्याच गळ्यात येणार. भिंतीला गाडी लागली तर खर्च आपला, असे धरूनच जावे. आणि बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील, तर परतीच्या वाटेवर महामार्गावर झालेल्या अपघातातही अडचण येऊ शकते. कळवायला एक ई-मेल पुरतो, उत्तर जपून ठेवावे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काहीच न बदलता जावे, असे मी सुचवेन. फक्त टायरच्या कडेवर पांढऱ्या खडूने रेघा ओढाव्यात आणि प्रत्येक सत्रानंतर त्या कुठपर्यंत पुसल्या ते बघावे. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर हवा आहे. शेवटच्या फेऱ्यांना गाडी डोलायला लागली तर शॉकअप थकलेत. निघण्यापूर्वी हवा पुन्हा दरवाजावरच्या तक्त्याप्रमाणे भरायची आणि चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट करायचे. पुढे अकराशे किलोमीटर आहेत.