गडावर पाणी कुठून येते?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. सत्र परीक्षेचे पेपर तपासून होतील, मुले घरी जातील आणि दुसऱ्याच दिवशी अंगणात, जिन्याखाली, सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट आणि लाल माती गोळा होईल. दिवाळीतला किल्ला हा आपल्याकडच्या मुलांचा इतिहासाचा सर्वांत मोठा प्रकल्प आहे. तो कोणी नेमून देत नाही, त्याला गुण नसतात, तरीही मुले त्यासाठी दिवसदिवस मातीत बसतात. चौथीला ‘शिवछत्रपती’ शिकवताना आपण वर्षभर जी उत्सुकता जागी करू पाहतो, ती या आठ दिवसांत आपोआप जागी असते. नेमके तेव्हाच मुलांच्या हाती आपण काही देत नाही. ती मोबाइलवर ‘किल्ला कसा बनवायचा’ असे शोधतात आणि जे समोर येईल ते पाहतात.

समोर येते ते काय? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपल्या सर्वांना त्याचा आनंद झाला, आणि व्हायलाच हवा. किल्ल्यांवरच्या मजकुराला त्यानंतर उधाण आले आहे. त्यातले पुष्कळसे व्हिडिओ कारागिरीचे आहेत: थर्माकोल कसा कापावा, रंग कसा मारावा, मोटार लावून कारंजे कसे उडवावे. दुसरे ड्रोनमधून घेतलेले, ढोल-ताशांच्या गजरात आणि चढ्या आवाजातल्या निवेदनात बुडालेले. दोन्ही पाहायला छान वाटतात. पण दहा वर्षांच्या मुलाला ते पाहून गड म्हणजे काय हे कळत नाही. गड ही माणसांनी राहायची, खायची-प्यायची, राखायची जागा होती, हे त्यांत कुठेच येत नाही.

मुलांनी केलेला कोणताही किल्ला जवळ जाऊन पाहा. माथ्यावर सिंहासन, त्यावर महाराज. खालपासून वरपर्यंत सरळ पायऱ्या. दरवाजा येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसावा म्हणून थेट रस्त्याकडे तोंड करून. पायथ्याशी थाळीत पाणी घालून तळे, त्यात प्लास्टिकची बदके. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ. हे सगळे मन लावून केलेले असते आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शिक्षकाने तिथे उकिडवे बसून एवढेच विचारावे: तुझ्या गडाला वेढा पडला आणि शत्रू पायथ्याशी सहा महिने बसला, तर वरची माणसे पाणी कुठून आणतील?

या प्रश्नाने मूल गप्प होते, मग थाळी उचलते आणि वर नेते. माझ्या मते किल्ल्यावरच्या प्रत्येक व्हिडिओची आणि लेखाची सुरुवात इथून व्हायला हवी.

या प्रश्नाला जुन्या कागदात उत्तर आहे, ही आपली केवढी सोय! रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे एक प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, असे ते बजावतात. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी, तळी करावीत. एकाच झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो. दरवाजा समोरून थेट मारा होईल असा नसावा. गडावर झाडे लावावीत आणि राखावीत. केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, इथपर्यंत तपशील आहे. केराची ही गोष्ट वर्गात सांगून पाहा, मुलांचे डोळे चमकतात. कचऱ्याचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्या शाळेतही आहे, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या एका अमात्याला तो राज्यकारभाराइतका महत्त्वाचा वाटला होता. असा मजकूर हाताशी असताना आपण मुलांना कारंज्याची मोटार दाखवत बसतो, याचे वाईट वाटते.

कागदातले हे प्रत्यक्ष गडावर दाखवता येते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आडोशाला आहे. वाट वळून आत शिरते, त्यामुळे खालून येणाऱ्याला तो लांबून दिसत नाही आणि हत्तीला धडक द्यायला धावण्यापुरती जागा मिळत नाही. गंगासागर तलाव माथ्यावर, वाड्यांच्या जवळ आहे. लोहगडावर एकामागून एक चार दरवाजे नागमोडी वाटेने पार करावे लागतात. पन्हाळ्याच्या अंधारबावेत पाणी आणि पहारा एकाच इमारतीत आहेत, आणि अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांकडे पाहिले की वेढ्यात धान्याला किती किंमत असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सिंधुदुर्गाला चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मालवणच्या मुलाला हे ठाऊक असते. चंद्रपूरच्या मुलापर्यंत ते व्हिडिओनेच पोहोचेल. व्हिडिओचे खरे काम हे आहे. जिथे मूल जाऊ शकत नाही तिथे त्याला न्यावे, आणि नेल्यावर घाई करू नये. दरवाज्याच्या वळणावर कॅमेरा चालत्या माणसाच्या वेगाने आत गेला, तर मुलाला पायाखालची वाट कळते. ड्रोनला ती कधीच कळत नाही.

आता माणसांबद्दल. मातीच्या किल्ल्यावर महाराज असतात, मावळे असतात, हल्ली बाजारात क्रिकेटपटूही मिळतात. कारभार करणारे कोणी नसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी नेमत, ही व्यवस्था त्यात आली आहे. तिघे असल्यामुळे एकट्याला फितूर होऊन गड शत्रूच्या हवाली करता येत नसे. सहावी-सातवीच्या मुलांना हे सांगितले की ती लगेच वर्गाच्या मॉनिटरपर्यंत येऊन पोहोचतात, आणि ते योग्यच आहे. गडाच्या घेऱ्यात राहून वाटा राखणारे रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी हेही या किल्ल्यावर यायला हवेत. आपल्या वर्गातल्या अनेक मुलांचे पूर्वज तिथे आहेत.

याच कारणाने मला काही व्हिडिओंमधला द्वेषाचा सूर अजिबात मान्य नाही. प्रतापगडाचा प्रसंग सांगताना निवेदकाचा आवाज ज्या तऱ्हेने चढतो, त्याने वर्गातले एखादे मूल मान खाली घालते. त्या मुलाला खांदेरी दाखवा. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट महाराजांनी बांधायला घेतले तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. त्या झुंजीत मराठ्यांच्या बाजूने मायनाक भंडारी होता आणि आरमाराचा सरदार दौलतखान होता. हे इतिहासात आहे, त्यासाठी वेगळे काही रचावे लागत नाही.

चित्रांबाबतही सावध व्हायला हवे. शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी छापले जाणारे चित्र वास्तविक दुसऱ्याच कोणाचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतले चित्र पुढे आणले आणि ती चूक निस्तरली. एका चेहऱ्यासाठी त्या संशोधकाने केवढी खटपट केली! आज संगणक क्षणात हवा तो चेहरा, हवा तो बुरूज काढून देतो आणि तोच व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत झळकतो. मुलांना असे चित्र दाखवायचेच असेल, तर ते कल्पनेचे आहे हे त्याच्यावरच लिहिलेले असावे. हिरकणीची गोष्टही तशीच ‘लोक सांगत आले आहेत’ म्हणून सांगावी. ती सुंदर आहे, आवर्जून सांगावी. पण सभासदाच्या बखरीच्या रांगेत तिला बसवू नये.

आपल्यापैकी कितीतरी शिक्षक, विशेषतः जिल्हा परिषद शाळांतले, गेली काही वर्षे स्वतः व्हिडिओ करत आहेत. साधा मोबाइल, फळा आणि घरची खोली एवढ्यावर त्यांनी चांगले काम केले आहे. त्यांना विनंती आहे की या दिवाळीत एकच गड घ्या, शक्यतो आपल्या तालुक्यातला. त्याचे नाव युनेस्कोच्या यादीत असण्याची गरज नाही. पाच-सहा मिनिटांत एकाच प्रश्नाचा माग काढा: पाणी, दरवाजा, धान्य, किंवा किल्ल्या कोणाच्या कमरेला. मध्ये दोनदा थांबा आणि मुलाला स्वतःच्या मातीच्या किल्ल्यात बदल करायला सांगा. लेख लिहिणाऱ्यांनी तेच एका पानात करावे, सोबत हाताने काढलेला नकाशा द्यावा आणि त्यात उत्तर दिशा दाखवावी.

असे व्हिडिओ आणि लेख आम्हाला नोव्हेंबरअखेर पाठवा. निवडक लेख डिसेंबरच्या अंकात छापू आणि व्हिडिओंची ओळख करून देऊ. सोबत तीन ओळी लिहा: कोणता जुना कागद किंवा पुस्तक वापरले, गड स्वतः पाहिला का, आणि मुलांनी पाहून काय विचारले. पहिल्या दोन ओळी नसतील तो मजकूर कितीही देखणा असला तरी घेणार नाही. तिसऱ्या ओळीतले प्रश्न मात्र सगळेच छापू, ज्यांची उत्तरे आपल्याकडे नाहीत तेसुद्धा.