पाटा जोडण्याआधी पोलाद ओळखा

मृग तोंडावर आला की नांदेड–हैदराबाद रस्त्यावर नायगाव, नरसीच्या वेल्डिंग दुकानांपुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. कुणाच्या कल्टिव्हेटरची दांडी मोडलेली, कुणाची वखराची पास झिजलेली, कुणाच्या रोटाव्हेटरचे पाते निम्मे उरलेले. प्रत्येकाला घाई असते. हाताला येईल तो रॉड लावून जोड दिला जातो, आणि त्यातले कितीतरी जोड शेतात तुटतात. तुटतात ते वेल्डवर नव्हे, वेल्डच्या अगदी कडेला. यंदाच्या हंगामाआधी या कडेबद्दल सविस्तर बोलले पाहिजे.

झिजलेल्या अवजाराला ट्रकचा जुना कमानपाटा लावायची आपल्याकडची रीत चांगलीच आहे. पाट्यात सुमारे 0.6 टक्के कार्बन असतो, अँगल-चॅनेलच्या लोखंडात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून पाटा झिजेला टिकतो, आणि म्हणूनच तो जोडायला अवघड. आर्कने कडेचा पट्टा आठशे अंशांच्या वर जातो. आर्क पुढे सरकताच बाजूचे थंड पोलाद त्याची उष्णता ओढून घेते. पाण्यात न बुडवताच त्याला पाणी दिले जाते आणि तो पट्टा कडक, ठिसूळ होतो. रॉड ओलसर असेल तर त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो. मग चीर लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघडते. दुकानात हातोडा मारून पाहिलेला जोडही अशा वेळी पुढे दगा देतो.

यावरचा तोडगा आपल्या वाचकांपैकी अनेकांना पाठ आहे. ग्राइंडरवर ठिणगी पाहावी: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि थोड्याच फुटणाऱ्या, पाट्याच्या दाट आणि फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या. पाटा असेल तर तो आधी तापवावा, भट्टीत वाळवलेला 7018 रॉड वापरावा आणि काम झाल्यावर तुकडा कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश निवू द्यावा.

किती तापवावे, हा खरा प्रश्न. खेड्यातल्या दुकानात तापमापक नसतो. पण त्याचे उत्तर गावातल्या लोहाराकडे आणि पाल टाकून राहणाऱ्या घिसाड्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. विळ्याला पाणी देताना तो धारेचा भाग तेवढा बुडवतो, बाहेर काढून दगडावर घासून उजळ करतो आणि मागची ऊब पुढे सरकण्याची वाट पाहतो. उजळलेल्या पोलादावर आधी फिका पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा म्हणजे सुमारे 220 अंश, निळा म्हणजे 300 च्या आसपास. हवा तो रंग आला की पुन्हा बुडवतो. ऐंशी अंशांच्या पट्ट्यावर केवळ नजरेने ठेवलेला हा ताबा आहे, आणि त्याचा आपल्या धंद्याने पुरेसा मान राखलेला नाही. वेल्डरने हाच रंग वाचावा. पाट्याचा कोपरा ग्राइंडरने चकचकीत करावा, गॅसची ज्योत फिरवत तो निळा होऊ द्यावा आणि मग आर्क सुरू करावा.

रोटाव्हेटरच्या पात्याला मात्र हात लावू नये. त्याची धार कडक आणि बोल्टकडची बाजू चिवट राहील असे उष्णतेचे संस्कार कारखान्यात झालेले असतात. आर्क लागताच ते बिघडतात. असे पाते जोरात फिरताना तुटून उडाले तर माणूस जखमी होईल. तिथे नवे पाते बसवणे हेच काम.

हे सारे ठाऊक असूनही जोड का तुटतात, ते मोठ्या कारखान्याशी ताडून पाहिले की कळते. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून डिसेंबर 2020 मध्ये डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. अशा कारखान्यात कोणत्या धातूला कोणती तार, किती करंट, हे आर्क पेटण्याआधी कागदावर ठरलेले असते आणि तो वेळ कामाच्या किमतीत धरलेला असतो. आपल्या दुकानांत बहुधा रॉडमागे पैसे घेतले जातात. तापवायला गेलेला अर्धा तास, गॅस, राखेत निवण्याचा वेळ यांचा एक रुपयाही मिळत नाही. मग वेल्डर तापवणार कशाला? ज्ञान नाही म्हणून जोड तुटतात असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्ञानाला दर नाही म्हणून ते वापरले जात नाही. नायगाव, नरसी, कृष्णूरच्या दुकानदारांनी एकत्र बसून पाट्याच्या कामाचा वेगळा दर ठरवावा, तापवणे धरून, आणि तो फळ्यावर लिहावा. शेतकऱ्याला आज अवजार हवे असेल तर त्याला तेही सांगावे: पाट्याचा जोड सकाळी द्या, संध्याकाळी न्या.