शब्दाचें मोल

बोईसरहून एका वाचक भगिनीनें आपली अडचण कळविली आहे. मुरबे गांवचा एक होतकरू तरुण त्यांच्याकडे पंप व नळ दुरुस्त करावयास येतो. मुरबे हें समुद्रकाठचें मच्छीमारांचें गांव. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते. होड्यांचीं इंजिनें जाणणारा हात त्या दिवसांत रिकामा राहूं नये, म्हणून बोईसर-तारापूरच्या वसाहतींतून घरगुती कामें मिळवावीं, असा त्याचा मानस. काम चोख, पण नवीं घरें मिळत नाहींत. तेव्हां तो परवां म्हणाला, “वहिनी, तुम्ही गिऱ्हाईक पाठवा, दर कामामागें १०० रुपये तुमचे.” बाईंच्या मनाला हें लागलें. त्याचें भलें व्हावें असें त्यांस वाटतें. पण शेजारणींस त्याचें नांव सांगावें कीं न सांगावें?

अवश्य सांगावें, पैसे मात्र घेऊं नयेत. त्या तरुणाचा हेतु वाईट नाहीं. त्यास रीत ठाऊक नाहीं, इतकेंच. शिफारस ही जामीनकी आहे. आपल्या शब्दावर विसंबून शेजारीण भर दुपारीं परक्या माणसास घरांत घेते. त्या शब्दामागें १०० रुपये आहेत हें तिला कळलें, कीं त्याची किंमत तेवढीच उरते.

मुंबईच्या गिरणगांवांत खानावळी चालविणाऱ्या ज्या बायांसाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलें, त्यांच्यापाशीं जाहिरातीस पैसा कोठला? एक कामगार तृप्त झाला, म्हणजे गांवाहून आलेल्या भावास तो त्याच पंगतीस आणी. भावाचें जेवण बिघडलें, तर मात्र दोन्ही पानें उठण्याचें भय असे.

त्या तरुणास आमचें सांगणें असें. पंप सुरू होऊन नळास पाणी आलें, कीं तीच विचारण्याची वेळ. “काम पटलें असेल तर शेजारीं सांगा,” एवढें म्हणण्यांत लाचारी नाहीं. नांव, दूरध्वनीचा क्रमांक व दर लिहिलेली चिठ्ठी पंपाजवळच्या भिंतीवर लावावी. पंप बंद पडतांच ती दिसेल. सवलत द्यावयाचीच, तर ती नव्या घरास द्यावी. म्हणजे सांगणारीचा शब्द निःस्वार्थ राहतो. कोणी कोणास पाठविलें तें वहींत टिपावें, आणि काम झाल्यावर पाठविणारीस तसें कळवावें. पुढच्या खेपेस तिच्या नळाचा वायसर फुकट बदलून दिला, तर ती कृतज्ञता झाली, दलाली नव्हे.

आणि भगिनींनींही गुणांबरोबर उणें सांगावें. “काम उत्तम, पण वेळेचा थोडा ढिला,” असें मोकळेपणानें सांगितलेली शिफारस अधिक टिकते.

एक शेवटची गोष्ट. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रांत लोटल्या, कीं हा तरुणही जाईल. जाण्यापूर्वीं त्यानें प्रत्येक घरीं तसें सांगून जावें. न सांगतां गेला, तर पंप शेजारणीचा अडेल, आणि मान खालीं जाईल ती आमच्या या भगिनीची.