सापडत नाही म्हणजे नाहीच असे नव्हे



आपल्या घरांतील मुले-मुली आज मोठ्या उमेदीने संगणकाचे शिक्षण घेत आहेत. कोणी तंत्रनिकेतनात पदविका करतो आहे, कोणी बी.सी.ए.ला आहे, तर कोणी दिवसभर गुलमंडीवरच्या दुकानात कापडाचे तागे उलगडून-गुंडाळून संध्याकाळी क्लास गाठतो आहे. फी भरताना आई-वडिलांची काय ओढाताण होते, ते आम्ही वेगळे सांगायला नको. अशा वेळी एखाद्या लहानशा अडचणीपायी मूल "मला हे जमणार नाही" म्हणून वही मिटून ठेवत असेल, तर ती अडचण लहान राहत नाही. आज तिच्याविषयीच लिहीत आहोत.

पायथन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीच्या दिवसांतच पडद्यावर एक ओळ भेटते : 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'. पुढे 'नो मॉड्यूल नेम्ड' असे लिहून एक नाव येते. जुन्या पुस्तकांत हाच शेरा 'इंपोर्ट एरर' म्हणून दिसेल, कारण नवे नाव २०१६ च्या अखेरीस आलेल्या पायथन ३.६ पासून सुरू झाले. त्याचा साधा मराठी अर्थ असा : "तू या नावाची वस्तू मागितलीस. मला ठरवून दिलेल्या जागा मी पाहिल्या. तेथे ती मिळाली नाही." या वाक्यात विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी एक अक्षर नाही. परंतु ज्याच्या घरात याआधी कोणी संगणक शिकलेले नाही, त्याला ती ओळ नापासाच्या शेऱ्यासारखी लागते. ज्याचा मोठा भाऊ इंजिनियर आहे, तो रात्री जेवताना विचारतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. ज्याला विचारायला कोणी नाही, तो तीन दिवस त्याच ओळीकडे बघत बसतो. म्हणून हा पाच मिनिटांचा सल्ला आज आपण घराघरांत पोहोचवू या.

प्रथम लायब्ररी म्हणजे काय ते समजून घ्यावे. एखादे काम करण्यासाठी कोणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे लायब्ररी. आपण ग्रंथालयातून पुस्तक मागून आणतो, तसे पायथनमध्ये 'इंपोर्ट' हा शब्द लिहून लायब्ररी मागवतात. ग्विडो व्हॅन रोसम यांनी १९९१ साली ही भाषा जगापुढे ठेवली. तिच्याबरोबर पुष्कळशा लायब्ऱ्या घरच्याच येतात. बाकीच्या 'पायपीआय' या सार्वजनिक कोठारातून आणाव्या लागतात, आणि त्या आणून देणाऱ्या हरकाम्याचे नाव 'पिप'.

आता पाथ, म्हणजे शोधण्याची वाट. आपण पोराला गुलमंडीवर पाठवताना सांगतो, "आधी घरातल्या फडताळात बघ, तेथे नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात विचार, तेथेही नसेल तर पैठण गेटला जा." पोरगे या क्रमानेच जाते, जेथे पहिल्यांदा त्या नावाची वस्तू दिसेल तेथून ती उचलते आणि परत फिरते. पायथन अगदी तसेच वागतो. जागांची यादी त्याच्याजवळ असते, तिला 'सिस.पाथ' म्हणतात. फाइल चालवली की यादीत पहिली जागा ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची, नंतर भाषेच्या घरच्या लायब्ऱ्यांची, आणि मग पिपने आणलेल्या मालाची. यादीबाहेर तो एक पाऊल टाकत नाही. वस्तू शेजारच्या फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असली तरी तो "नाही" म्हणूनच परत येतो.

ही गोष्ट आजची नाही. बोरलँड कंपनीने १९८७ साली टर्बो सी बाजारात आणले, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांत व क्लासमध्ये पुढे कितीतरी वर्षे सी भाषा त्याच्यावरच शिकवली गेली. तेथे 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल' असा शेरा येई. पुष्कळदा कारण एवढेच असे की, टर्बो सीचे फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेले असे, पण 'ऑप्शन्स'मधल्या 'डिरेक्टरीज' या खिडकीत पत्ता जुनाच राहिलेला असे. बिऱ्हाड हलवले, पोस्टमनला कळवले नाही. पत्ता दुरुस्त केला की काम चालू. ज्यांच्या घरी त्या काळात शिकलेले कोणी असेल, त्यांना हे आठवेल.

असा शेरा आला की घाबरून न जाता पुढील पाच प्रश्न एका कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

पहिला प्रश्न : नाव बरोबर लिहिले आहे का? पायथनला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी वाटतात. जुन्या पुस्तकांत खिडक्या-बटणे बनवणाऱ्या लायब्ररीचे नाव 'टीके-इंटर' हे मोठ्या 'टी'ने छापलेले सापडते. ते पायथन २ चे. पायथन ३ मध्ये ते लहान 'टी'ने लिहितात. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. तेव्हा जुन्या बाजारातून पुस्तक घेताना ते कोणत्या पायथनचे आहे ते आधी पाहावे. तसेच २०२३ साली आलेल्या पायथन ३.१२ मधून 'डिस्टयूटिल्स' ही घरची लायब्ररीच काढून टाकली आहे. तेथे चूक विद्यार्थ्याची नसून पुस्तक जुने झालेले असते.

दुसरा प्रश्न : मागण्याचे नाव आणि आणण्याचे नाव एकच आहे का? आपल्या शहराचे नाव २०२३ साली बदलले. गुलमंडी मात्र तीच आहे, आणि पत्र जुन्या नावाने आले तरी आपला पोस्टमन ते बरोबर पोहोचवतो. संगणकाला असा समजूतदारपणा नाही. चित्रांवर काम करणारी 'सीव्ही-टू' इंपोर्ट करायची असेल तर पिपला 'ओपनसीव्ही-पायथन' सांगावे लागते. 'पीआयएल' हवी असेल तर 'पिलो' आणावी लागते. 'एसके-लर्न'साठी 'सायकिट-लर्न' आणि 'बीएस-फोर'साठी 'ब्युटिफुल-सूप-फोर'. ही चार नावे वहीत लिहून ठेवली तरी पुष्कळ त्रास वाचेल.

तिसरा प्रश्न : त्याच नावाची दुसरी वस्तू घरातच नाही ना? मुले 'रँडम' ही लायब्ररी शिकताना आपल्या फाइलचे नावही 'रँडम' ठेवतात. मग पायथन यादीतल्या पहिल्या जागी, म्हणजे मुलाच्याच फोल्डरमध्ये, ते नाव पाहतो आणि खऱ्या लायब्ररीऐवजी मुलाचीच फाइल उचलून आणतो. फडताळातल्या साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवले तर पोरगे मीठच आणणार! फाइलचे नाव बदलावे, काम होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला पायथन ३.१३ तर अशा वेळी स्वतःच सुचवतो की, तुमच्या फाइलचे नाव घरच्या लायब्ररीसारखे आहे, ते बदलून पाहा.

चौथा प्रश्न : माल उतरवला एका घरात आणि मागतो आहोत दुसऱ्या घरात, असे तर नाही? गुलमंडीच्या भागात हातगाडी ओढणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी आमच्याकडे आली होती. पिप तिला सांगत होता, "ही वस्तू आधीच आणलेली आहे." प्रोग्राम सांगत होता, "वस्तू सापडत नाही." संगणक दुरुस्त करणाऱ्याने सगळे पुसून नव्याने भरायला सांगितले होते आणि त्याचे पैसेही मागितले होते. वडील ते पैसे उसने आणायला निघाले होते. पाहिले तर तिच्या संगणकावर दोन पायथन होते. एक तिने स्वतः घेतलेला, दुसरा क्लासने घ्यायला लावलेल्या 'अ‍ॅनाकोंडा'बरोबर आलेला. पिप एकाच्या घरात माल ठेवत होता आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात चालत होता. दोघेही खरेच बोलत होते! एक रुपया न लागता काम झाले.

याचा उपाय सोपा आहे. पिपला एकट्याने हाक मारू नये. ज्या पायथनवर प्रोग्राम चालवायचा, त्याच्याच मार्फत मारावी : आधी 'पायथन', मग जागा सोडून आडवी रेघ व तिला जोडून 'एम', मग 'पिप इन्स्टॉल' आणि शेवटी लायब्ररीचे नाव. विंडोजवर 'पायथन'च्या जागी 'पीवाय' ही दोन अक्षरेही चालतात, मात्र ती कोणत्या पायथनला हाक मारतात ते पाहून घ्यावे. हे सर्व अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. नेमका कोणता पायथन चालू आहे हे पाहायचे असेल, तर प्रोग्राममध्ये 'सिस' इंपोर्ट करून 'सिस.एक्झिक्युटेबल' छापून पाहावे, आणि जागांची यादी पाहण्यासाठी 'सिस.पाथ' छापावे. दोन ओळींत सगळा उलगडा होतो.

पाचवा प्रश्न : कोठे उभे राहून हाक मारली? मुले प्रोजेक्ट करताना 'दुकान' नावाचे फोल्डर करतात, त्यात 'हिशेब' आणि 'माल' अशी दोन पोटफोल्डरे करतात. 'हिशेब'मधली फाइल थेट चालवली तर पायथनला फक्त 'हिशेब' दिसते, बाजूचे 'माल' दिसत नाही. अशा वेळी बाहेरच्या 'दुकान' फोल्डरमध्ये उभे राहावे, आणि तेथून 'पायथन', आडवी रेघ व 'एम', मग 'हिशेब', टिंब आणि फाइलचे नाव, अशी हाक मारावी. म्हणजे सगळे घर त्याच्या नजरेत येते. यादीत हाताने जागा वाढवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती आपल्या संगणकावर चालते, पण परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या संगणकावर हटकून दगा देते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर दहा जण बसतात. तेथे स्वतःचे 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' करून घ्यावे. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय 'व्हेन्व' या नावाने भाषेतच आहे. एकत्र कुटुंबात प्रत्येकाची आपली ट्रंक असते, तशी ही ट्रंक समजा. आपला माल आपल्या ट्रंकेत, दुसऱ्याच्या मालाला धक्का नाही. २०२३ नंतरच्या उबुंटूवर पिपने 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार दिला तरी हाच उपाय करावा.

एक सावधगिरीची सूचना. कोठारात कोणीही माल ठेवू शकतो, म्हणून स्पेलिंग नीट पाहूनच पिपला नाव सांगावे. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या सरकारी सुरक्षा विभागाला अशा दहा लायब्ऱ्या सापडल्या होत्या, ज्यांची नावे प्रसिद्ध लायब्ऱ्यांसारखी होती आणि आत नको तो प्रोग्राम दडवलेला होता. बाजारात मिळत्याजुळत्या नावाचा नकली माल असतो, तसेच हे.

आणि हा शेरा केवळ नवशिक्यांनाच येतो असे मुळीच समजू नये. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रामरने नावाच्या वादातून आपल्या लायब्ऱ्या जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' या कोठारातून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची एक होती. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणे! परंतु तिच्यावर हजारो प्रोग्राम उभे होते. ती सापडेना, तेव्हा जगातल्या नामवंत कंपन्यांतील अभियंत्यांच्या पडद्यावर आपल्या मुलांना दिसतो तसाच "सापडत नाही" हा शेरा उमटला. काही तासांत ती परत ठेवण्यात आली आणि कामे सुरू झाली. त्या अभियंत्यांना कोणी नालायक ठरवले नाही. त्यांनी काय हरवले ते पाहिले आणि ते जागेवर आणले.

आता घरातल्या मोठ्यांसाठी दोन शब्द. आपल्याला इंग्रजी येत नाही, संगणक येत नाही, म्हणून आपण मुलांना मदत करू शकत नाही असे कृपया समजू नका. मूल पडद्यासमोर हिरमुसून बसले असेल तर जवळ बसा आणि विचारा : "शेवटची ओळ मोठ्याने वाच बरं. तू काय मागितलंस? कोणत्या नावानं मागितलंस? त्या नावाचं दुसरं काही ठेवलंयस का? कोणत्या घरात उतरवलंस? कुठं उभा राहून मागितलंस?" हे प्रश्न निरक्षर आजीसुद्धा विचारू शकते. उत्तर देता देता पुष्कळदा मुलालाच चूक दिसते. मात्र "एवढे पैसे घातले आणि तुला एवढंही येत नाही?" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका.

मुलांनी एक वही करावी. डाव्या पानावर आलेला शेरा जसाच्या तसा उतरवावा, उजव्या पानावर तो कशाने गेला ते लिहावे, खाली तारीख टाकावी. वर्षभरात ती वही क्लासच्या नोट्सइतकीच कामाची होईल. आणि पुढच्या वर्षी गल्लीतले दुसरे पोर हे शिक्षण घेऊ लागले की ती वही त्याच्या हाती द्यावी. विचारायला माणूस नाही ही आपल्या घरांची जुनी अडचण आहे. ती वही मिळाली तर त्या पोराला तीन दिवस एका ओळीकडे बघत बसावे लागणार नाही.