शर्यतीचा शनिवार आणि आपला शब्बाथ

जून महिना उजाडला की या देशात घोड्यांच्या शर्यतींचे पर्व सुरू होते. पहिल्या शनिवारी एप्समची डर्बी आणि पुढे मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस रॉयल ॲस्कॉट. कचेरीतील सहकारी, शेजारी, मुलांचे मित्र यांच्याकडून निमंत्रणे येतात आणि आपल्या समाजातील घराघरांतून प्रश्न निघतो : जावे की न जावे?

आमचे मत स्पष्ट आहे. अवश्य जावे, परंतु शनिवारी नव्हे.

शर्यत पाहणे हे पाप आहे, असे आम्ही मानीत नाही. १७११ साली राणी ॲन हिने ॲस्कॉटचे मैदान सुरू केले आणि १८२५ पासून राजघराण्याची मिरवणूक तेथे निघू लागली. हा सोहळा खरोखरच प्रेक्षणीय आहे. साडी नेसून गेलेल्या आपल्या भगिनी तेथे कोणाही सरदारपत्नीपेक्षा उण्या दिसणार नाहीत. महालक्ष्मीच्या मैदानावर ज्यांनी घोडे धावताना पाहिले, त्यांना हा आनंद नवाही नाही.

प्रश्न आहे तो वाराचा. १९४३ साली सुरू झालेली मुंबईची इंडियन डर्बी रविवारी होत आली आहे. एप्समची डर्बीही दीर्घकाळ बुधवारी होत असे. १८७१ साली बॅरन मेयर डी रॉथशिल्ड यांच्या फेव्होनियस या घोड्याने ती जिंकली, तो बुधवारच होता. इंग्रजांच्या या उत्सवात एका यहुदी गृहस्थास अग्रमान मिळाला, आणि त्यासाठी शब्बाथ मोडावा लागला नाही. १९९५ पासून मात्र डर्बी शनिवारी होऊ लागली. जूनमध्ये लंडनचा शब्बाथ रात्री दहानंतर संपतो. म्हणजे पळवाटही उरत नाही.

"एका शनिवारने काय बिघडते?" असे आपले तरुण विचारतात. कोकणात आपले पूर्वज हिब्रू विसरले, ग्रंथांना अंतरले. तरी शेमा, सुंता आणि शनिवार त्यांनी सोडला नाही. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ज्या दिवसासाठी त्यांनी पोटाचा घाणा थांबविला, तो दिवस आपण उंच टोपी मिरविण्यासाठी मोडावयाचा काय?

पैजेविषयीही दोन शब्द. फासे खेळणारा आणि कबुतरांच्या शर्यती लावणारा यांची साक्ष ग्राह्य नाही, असे मिश्नाच्या सन्हेद्रीन ग्रंथात सांगितले आहे. मात्र ज्यास दुसरा उद्योगच नाही त्यासच हा नियम लागू, असे रब्बी यहुदा म्हणतात. तेव्हा एखाद्या पौंडाच्या पैजेने कोणी बहिष्कृत होत नाही. परंतु खिशात मोजके पौंड घेऊन या देशी उतरलेल्या आईबापांच्या कष्टाची कमाई घोड्याच्या टापांखाली जाऊ देऊ नये, इतके तारतम्य प्रत्येकाने बाळगावे.

म्हणून आमची सूचना अशी : गुरुवारी, ज्यास 'लेडीज डे' म्हणतात त्या दिवशी, सहकुटुंब ॲस्कॉटला जावे, घरचा डबा सोबत न्यावा, घोडे मनसोक्त पाहावे आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरी दिवे लावावेत. त्यासाठी एक दिवसाची रजा खर्ची पडेल, हे खरे. परंतु निमंत्रण देणाऱ्यास "शनिवारी आम्हांस येता येत नाही" असे नम्रपणे सांगण्यात कमीपणा कसला? कोकणातील शेजाऱ्यांनी आपणांस ओळखले ते याच नकारावरून. येथील शेजाऱ्यांनाही आपली तीच ओळख पटू द्यावी.