सर्व्हर आपला, पण राखण कोणाची?

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी संबंधित दोन घटना पाठोपाठ घडल्या. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने या कंपनीची ई-मेल व अन्य सेवा बंद केली. परवान्यांचे पैसे भरलेले असूनही कर्मचाऱ्यांना स्वतःचीच पत्रे वाचता येईनात. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. याच सुमारास शेअरपॉइंट या प्रणालीतील त्रुटी हेरून हल्लेखोर जगभरातील अनेक संस्थांच्या सर्व्हरमध्ये शिरले. हे सर्व्हर संस्थांच्या स्वतःच्या ताब्यातले होते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असलेल्या शेअरपॉइंटच्या ग्राहकांना त्याची झळ लागली नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवलेले दप्तर त्याने कुलूप घातले की हाती लागत नाही; स्वतःच्या घरात ठेवलेले राखण नसेल तर चोरीला जाते.

इतक्या मोठ्या घडामोडींचा कबनूरसारख्या गावाशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. इचलकरंजीला लागून असलेल्या हातकणंगले तालुक्यातील या गावाचे अर्थकारण यंत्रमागाभोवती फिरते. येथील दहा-बारा नोकरांची एखादी सूत-कापडाची पेढी किंवा पतसंस्था डोळ्यांसमोर आणावी. हिशेब टॅलीत, सौद्यांची बोलणी व्हॉट्सॲपवर, कागदपत्रांची छायाचित्रे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आणि खर्चीवाल्याला किती बिमे दिली, किती कापड परत आले, याची नोंद दिवाणजीच्या वहीत. दिवाणजी नोकरी सोडून गेला की संस्थेची निम्मी स्मृती त्याच्याबरोबर जाते. मजुरीच्या बिलावरून वाद झाला, तर पुरावा कोणाच्या फोनमध्ये आहे याचा शोध आधी घ्यावा लागतो. तेव्हा सामायिक कामकाजाची एखादी प्रणाली हवी, याबद्दल दुमत होऊ नये. ती कोणती आणि कोठे ठेवायची, हा खरा प्रश्न.

गावोगावच्या विकास सेवा संस्थांपुरता तो केंद्रानेच सोडविला. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेत ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना एकाच राष्ट्रीय संगणकप्रणालीवर आणण्याचे ठरले. नागरी पतसंस्था, व्यापारी पेढ्या, यंत्रमागधारकांच्या संघटना या योजनेबाहेरच्या. त्यांना आपले आपणच पाहावे लागते.

अशा संस्थांपुढे आज पर्याय आहेत आणि त्यातला एक तर महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली. रुषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायात महागड्या व्यवस्थापनप्रणालीचा कटू अनुभव घेतल्यानंतर २००८ मध्ये या कंपनीचा पाया घातला. हिशेब, गोदामातील साठा, खरेदी-विक्री हे सारे तीत आहे. वस्तू व सेवा कराची जोडणीही उपलब्ध आहे. तिसऱ्याकडे सूत पाठवून कापड विणून घेण्याचा व्यवहारही तीत बसविता येतो, आणि या पट्ट्याच्या दृष्टीने ही बाब मोलाची ठरावी. कागदपत्रे, दिनदर्शिका आणि आपसांतील निरोप यांसाठी ‘नेक्स्टक्लाउड’ आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने सरकारी कामकाजासाठी तिचा अवलंब केला आहे. बेल्जियमची ‘ओडू’ दिसायला आकर्षक. परंतु तिच्या विनामूल्य आवृत्तीत बिले करता आली तरी पूर्ण हिशेबप्रणाली मिळत नाही, हे विक्रेता पहिल्या भेटीत सांगेलच असे नाही.

विनामूल्य या शब्दाची भुरळ मोठी असते. सॉफ्टवेअरचा परवाना फुकट असला, तरी सर्व्हर, वीज, बॅटरी आणि दरमहा सुरक्षा-अद्ययावती करणारा माणूस फुकट मिळत नाही. हा माणूस बहुधा संचालकाचा संगणक शिकलेला भाचा असतो आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला की सर्व्हर पोरका होतो. शिवाय आपल्या भागाला पंचगंगा विसरता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत इचलकरंजीच्या सखल भागांत काय घडले, हे ज्यांनी पाहिले आहे, ते तळमजल्यावरच्या कपाटात सर्व्हर आणि त्याच कपाटात त्याची प्रत ठेवण्याचे धाडस करणार नाहीत. तीन प्रती, त्यातील एक दुसऱ्या गावी, हा जुनाच नियम आहे. तो पाळणारेही एक गोष्ट विसरतात. ठेवलेल्या प्रतीवरून संपूर्ण हिशेब पुन्हा उभा राहतो का, हे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज ती प्रत म्हणजे केवळ समजूत असते.

म्हणून कबनूरमधील छोट्या संस्थेने सर्व्हर कार्यालयातच ठेवण्याचा हट्ट धरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुक्तस्रोत प्रणाली निवडावी, परंतु ती भारतातील एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर चालवावी. मालकी आणि मुख्य पासवर्ड संस्थेच्या नावे असावेत, सेवा पुरविणाऱ्याच्या नव्हे. चार-पाच संस्थांनी मिळून एक जाणकार तंत्रज्ञ नेमला, तर प्रत्येकीचा भार हलका होईल. सहकाराच्या जिल्ह्यात ही कल्पना अनोळखी वाटू नये. मात्र तंत्रज्ञ सामायिक असला तरी सर्व्हर वेगळे हवेत. जुलै २०२४ मध्ये सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांची देयक-व्यवस्था काही काळ तोडावी लागली होती. ई-मेलचा सर्व्हर स्वतः चालविण्याच्या फंदात पडू नये. पाठविलेली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

बंदिस्त प्रणाली आपल्या सर्व्हरवर घेतली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. ॲटलासियन कंपनीने आपल्या ‘सर्व्हर’ आवृत्त्यांचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबविला आणि ग्राहकांना क्लाउड किंवा महागडी आवृत्ती यांतून निवड करण्यास भाग पाडले. उलट बाजूला, गूगलने व्यवसायांना वर्षानुवर्षे दिलेली मोफत जी-सूट सेवा २०२२ मध्ये सशुल्क केली. यास्तव करारापूर्वी सर्व नोंदी सर्वसामान्य स्वरूपात बाहेर काढून दाखविण्यास विक्रेत्याला सांगावे. टाळाटाळ झाली, तर बोलणी तेथेच थांबवावीत.

पतसंस्थांच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सभासदांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती आज ज्या मोबाइलमध्ये आणि ज्या व्हॉट्सॲप गटांत पडून आहेत, त्यांचा जाब तेव्हा संस्थेला द्यावा लागेल. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे बोट दाखवून ती मोकळी होणार नाही. सुरक्षेतील कुचराईसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.