बिनशिराची आई

नांगरताना फाळाला दगड लागला, की आपण तो उचलून बांधावर टाकतो. पण तेर, पैठण, भोकरदन, नेवासे अशा जुन्या गावांच्या पांढरीत कधी कधी वेगळाच ऐवज निघालेला आहे. हातात मावेल एवढी, भाजक्या मातीची किंवा दगडाची बाई. पाय दोन्हीकडे दुमडलेले, बाळंत होणाऱ्या बाईसारखे. अंगावर वस्त्र नाही आणि धडावर शीर नाही. शिराच्या जागी कधी उमललेले कमळ असते, कधी काहीच नसते.

पाहणारा दचकतो. कोणी म्हणते चेटूक, कोणी म्हणते अभद्र. मग ती विहिरीत जाते, नाही तर फुटते. म्हणून आज या बाईची ओळख करून घेऊ. ती आपल्याच घरची आहे.

अभ्यासकांनी तिला लज्जागौरी हे नाव दिले. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर याच नावाचा ग्रंथ लिहिला. सुमारे २,००० वर्षांपूर्वीपासून पुढे कित्येक शतके दक्षिणेत तिच्या मूर्ती घडत होत्या. काही मूर्तींत तिचे धड म्हणजे सरळ एक घटच दाखवला आहे. घट म्हणजे पोट, कमळ म्हणजे पाणी आणि उमलणे. जाणकार सांगतात की ही कोणा एका बाईची मूर्ती नाही. जन्म देणारी जी शक्ती, म्हणजे भूमी, तिची ही खूण आहे. म्हणून तिला चेहरा लागत नाही.

ही कल्पना त्याहूनही जुनी असावी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथे ३,००० वर्षांहून जुन्या घरात मातीची पेटी, बिनशिराची बाई आणि मातीचा बैल एकत्र मिळाले. शेतकऱ्याच्या घरात आई आणि बैल जोडीने होते, यात नवल काय!

आता आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर चला. तिथे रेणुकामातेचे फक्त मुख आहे. कथा अशी सांगतात, की परशुरामाला मागे वळून पाहू नको म्हणून बजावले होते. त्याने वळून पाहिले, तेव्हा आईचे मुख तेवढे जमिनीवर आले होते. बाकीचे अंग मातीतच राहिले. रेणू म्हणजे मातीचा कण. तेरच्या मूर्तीला धड आहे, शीर नाही. माहूरला मुख आहे, धड भूमीत आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तर अवघी जमीनच आईचे अंग आहे, हे ध्यानात येते.

असा विचार फक्त आपणच केला असे नाही. मका मूळचा मेक्सिकोचा. त्या देशाला लागून असलेल्या ग्वाटेमालातल्या माया लोकांचा ‘पोपोल वुह’ नावाचा जुना ग्रंथ आहे. त्यात देवांनी आधी मातीचा माणूस केला, तो पाण्यात विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला काळीज नव्हते. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाचा केला, तो टिकला. त्यांच्या रंगवलेल्या थाळीवर मक्याचा देव कासवाच्या फुटलेल्या पाठीतून वर येताना दिसतो. कासव म्हणजे पृथ्वी. आपल्याही देवळात देवापुढे कासव असतेच. यावरून ते आपल्याकडे आले किंवा आपण तिकडे गेलो, असे समजू नये. ज्याने बी मातीत गाडले आणि कोंब वर येताना पाहिला, त्याला कुठल्याही मुलखात असेच सुचणार.

तुमच्या घरातही ही खूण दरवर्षी मांडली जाते. नवरात्रात पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य आणि मधोमध पाण्याचा घट. नऊ दिवसांत कोंब येतात आणि दसऱ्याला ते टोपीत खोवतात. लातूरकडे येळवसेला कडब्याची कोप करून पाच पांडव मांडतात, आंबील शिंपडतात आणि काळ्या आईची पूजा करतात. ज्या हातांनी घट बसवायचा, त्याच हातांनी मातीतून आलेली आई फोडायची, हे बरे नाही.

तेव्हा नांगराला असे काही लागले, तर चार गोष्टी पाळा. घासू नका, शेंदूर लावू नका, फेरीवाल्याला विकू नका. जागेवर खूण करून तलाठ्याला कळवा आणि त्याच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्याला. १८७८ चा निखात निधी कायदा तसे सांगतो. दडवले तर हक्क जातो. कळवले तर सापडणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, आणि सरकारने वस्तू ठेवून घेतल्यास मोबदल्याची तरतूद आहे.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे काही सरकारी अधिकारी नव्हते. गावात आणि शिवारात निघालेल्या हजारो जुन्या वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरला उभे राहिले. लातूरहून ते फार दूर नाही. सुगी आटोपली, की लेकरांना घेऊन एकदा जाऊन या. घरातल्या बायकांनाही न्या. घट त्याच बसवतात, त्यांनाच ही आई आधी ओळखू येईल.